दुरुस्तीसह मंजूर

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डेल्फीन राउशने नगरपरिषदेचं ईमेलचं दप्तर उघडलं आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

दप्तर रिकामं होतं.

सदस्यांचे सगळे ईमेल याच एका मशीनवर साठत, आणि उन्हाळाभरातला त्यांचा सगळा पत्रव्यवहार गेला होता. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा होता, मोकाट कुत्र्यांचा होता आणि ॲम्ब्युलन्सचाही होता. तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काही फरक पडला नाही.

तिने नगराध्यक्ष हार्लन टॅकेटला फोन लावला. हार्लन दहा मिनिटांत आला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे काय करून बसलीस?"

"मी? मी आत्ता येतेय."

"या मशीनचा पासवर्ड कुणाचा?"

"माझा. पण तो तुम्हा सगळ्या सदस्यांना माहीत आहे. ऑरिन दर वेळी विसरतो म्हणून तुम्हीच मला तो खणावर चिकटवायला लावलात."

"किल्ल्या दे, डेल्फीन."

एकोणीस वर्षं ही बाई कॉपर फोर्डची चिटणीस होती. एकोणीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि तिला नऊच्या आत घरी पाठवलं. सरकारी दप्तर नष्ट करणं हा आमच्या राज्यात तुरुंगात जायचा गुन्हा आहे. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता जाहीर सुनावणी ठरली. त्यात तिला बडतर्फ करायचं आणि प्रकरण सरकारी वकिलाकडे सोपवायचं. शनिवारी तिच्या दारावर कुणीतरी अंडी फोडली. आमचं गाव असं आहे बघा. एकोणीसशे डोकी, त्यातली निम्मी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसतात, आणि दुसऱ्याचं वाईट झालं की सगळ्यांना चार घास जास्त जातात.

मुळात भडका उडाला होता तो आदल्या सोमवारच्या सभेवरून. परिषदेच्या पाच खुर्च्या. एक सदस्य वसंतात वारला, ती अजून रिकामी. नगराध्यक्ष धरून उरलेल्या चौघांनी गावची ॲम्ब्युलन्स बंद करायचा ठराव चाळीस सेकंदांत उरकला. तीन विरुद्ध एक. कुणी चर्चा केली नाही की कुणी प्रश्न विचारला नाही. लोक भाषणं लिहून आणून बसले होते. त्यांना तोंड उघडायच्या आत विषय संपला.

आता इतकं सुरळीत काम न ठरवता होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आमच्याकडे कायदा असा की तीन सदस्य गावच्या कामावर बोलले, मग ते समोरासमोर असो की ईमेलवर, ती सभा झाली. सभा झाली की ती लोकांसमोरच व्हायला हवी. दोघं बोलले तर चालतं.

विरोधात मत देणारी एकटी होती विनिफ्रेड स्ट्राउड. निवृत्त शिक्षिका. बाकीचे तिघंही तिच्या हाताखालून गेलेले, म्हणून पन्नाशी उलटली तरी ते तिला बाईच म्हणतात. बुधवारी बाईंनी ॲम्ब्युलन्सबद्दलच्या सगळ्या ईमेलच्या प्रती मागणारा अर्ज दिला. त्याच दिवशी नोव्हेंबरच्या निवडणुकीत नगराध्यक्षपदासाठी उभं राहत असल्याचंही जाहीर केलं. फलकांवर दोनच शब्द होते, 'उघडा कारभार'. आणि शुक्रवारी दप्तर रिकामं सापडलं.

गावाने निकाल लावून टाकला. हार्लनने सांगितलं आणि डेल्फीनने पुसलं.

*

शनिवारी दुपारी सरकारी वकिलाच्या कचेरीतून तपासाला वर्ना किटल्सन आली. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे, तोंड फटकळ. सुट्टीच्या दिवशी पाठवल्याचा राग तिच्या कपाळावर लिहिलेला होता. ती थेट डेल्फीनच्या घरी गेली. डेल्फीन बादली घेऊन दारावरची अंडी धूत होती.

"तुम्ही पुसलंत का?" वर्नाने पायरीवरूनच विचारलं.

"नाही."

"कुणासाठी?"

"कानाचं काही दुखणं आहे का तुम्हाला? नाही म्हटलं मी."

वर्नाने तिच्याकडे नीट बघितलं आणि पायरीवरच बसली.

"मशीन सांगतं, दप्तर गुरुवारी दुपारी दोन बावीसला रिकामं केलं. तुमच्याच टेबलावरून. तुम्ही कुठे होतात?"

"नोटीस लावत होते. पुढच्या सभेची विषयपत्रिका दर गुरुवारी तीन ठिकाणी लावावी लागते. पोस्ट, लायब्ररी, अग्निशमन केंद्र. दोनला निघते, तीनला परत येते. प्रत्येक कागदावर वेळ लिहून सही करते."

"आणि कचेरी?"

"रिकामी. किल्ल्या चारही सदस्यांकडे आहेत. दप्तर कुठल्याही सदस्याला केव्हाही बघता आलं पाहिजे, असा स्ट्राउड बाईंनीच नियम करून घेतलाय. तीन ठिकाणी नोटीस हाही त्यांचाच."

"वेळ तुम्हीच लिहिता. मग काहीही लिहू शकता."

"हेच हार्लन म्हणाला. लायब्ररीत विचारा म्हटलं, तर ऐकूनही घेतलं नाही. याउपर मी काय सांगू? एकोणीस वर्षं सांगितलेलं सगळं खोटं धरायचं असेल, तर धरा." बोलता बोलता तिने पाठ फिरवून बादली उचलली.

वर्ना उठली नाही. "ठरावाबद्दल सांगा."

"विषयपत्रिकेत होतं, ॲम्ब्युलन्स एक जानेवारीला बंद. मीच टाइप केलं होतं. मंगळवारी सकाळी हार्लन सहीला कागद घेऊन आला, त्यात एक ऑक्टोबर. म्हटलं, हे कुठून आलं? म्हणाला, दुरुस्ती मंजूर झाली ना काल. सभेचं ध्वनिमुद्रण आहे. ऐका."

वर्नाने ते कचेरीत बसून ऐकलं. सगळं मिळून चाळीस सेकंद.

हार्लनचा आवाज: "विषय क्रमांक सात."

ऑरिन बील: "विषय सात दुरुस्तीसह मंजूर करावा, असा ठराव मी मांडतो."

लायल पेल: "अनुमोदन."

डेल्फीन: "कसली दुरुस्ती?"

हार्लन: "उद्या कागद देतो, तू लिही. चर्चा? नाही. मतं द्या."

बील, पेल आणि हार्लन, तिघांचा होकार.

शेवटी स्ट्राउड बाई, खणखणीत: "माझा विरोध. ऑक्टोबरपासून या गावच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार, हे लिहून ठेवा कुठेतरी!"

मग लोकांची आरडाओरड. वर्नाने ते पुन्हा एकदा लावलं, आणि वही काढून त्यात एक ओळ लिहिली.

*

हार्लन टॅकेट गाड्या विकतो. तो वर्नाला आपल्या दुकानाच्या अंगणात भेटला. बस म्हणाला नाही.

"ॲम्ब्युलन्सबद्दल कुणाकुणाशी आधी बोललात?"

"एकाशी. फक्त एकाशी, ईमेलवर. दोघं म्हणजे सभा नव्हे. कायदा मला पाठ आहे बाई."

"कोण तो एक?"

"शब्द दिलाय. नाव घेतलं तर लोक मलाच हसतील. सांगायला मी बांधील नाही."

"ऑक्टोबर कुणाच्या डोक्यातून निघालं?"

हार्लनने नाक खाजवलं. "लवकर उरकलं की लोक लवकर विसरतात."

"निवडणूक नोव्हेंबरात आहे. जानेवारीत बंद केली असती, तर मतदानाच्या आधी कुणाला झळच पोचली नसती. तुमच्या डोक्यात हे आलं नाही?"

हे त्याच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याला राग आला. "तुम्ही चोर पकडायला आलाय की मला अक्कल शिकवायला?"

"दोन्ही कामं दिसतायत इथे," वर्ना म्हणाली.

ऑरिन बीलचं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. वय त्रेसष्ट. काउंटरवर पोत्यांच्या शेजारी एक जुना प्रिंटर घरघरत होता आणि ऑरिन त्यातून निघणारी मालाची मागणी भिंगातून वाचत होता.

"मी एकाशीच बोललो," तो न विचारताच म्हणाला. "तिघं झाले की गुन्हा. मी काय खुळा आहे?"

"त्या एकाचं नाव?"

"नाही सांगणार. माणूस चांगला आहे. चारचौघांत तोंडघशी पडेल."

"मग दुरुस्ती मांडायची हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच माणसाने. म्हणे, हार्लन विषय पुकारेल, तू फक्त दुरुस्तीसह म्हण. हार्लन आणि लायलचं आपापसात ठरलंच असेल, असं मी धरून चाललो. ते दोघं एकत्र मासे पकडायला जातात."

लायल पेल शाळेची बस चालवतो. त्याने बसचं दार अर्धंच उघडलं आणि पायरीवर आडवा उभा राहिला.

"एकाशी," तो म्हणाला.

"वा! तुम्हीपण?"

"म्हणजे?"

"काही नाही. तुम्हाला काय वाटलं, बाकीचे दोघं कुणाशी बोलले?"

"एकमेकांशी. अजून कुणाशी बोलणार? आणि डेल्फीनने ते पुसलं असेल तर ते हार्लनला वाचवायला. मला यात ओढू नका. माझं काम कायद्यात बसतं."

स्ट्राउड बाईंनी मात्र तिला आदराने बसवलं, कॉफी दिली, लिंबाच्या गोड वड्या पुढे केल्या. घरभर फलकांचे गठ्ठे होते.

"तुम्ही आलात, बरं झालं," बाई म्हणाल्या. "या गावात कायद्याची चाड असलेली मी एकटी उरले. डेल्फीन बिचारी वाईट नाही हो. हुकमाची ताबेदार. हार्लनने दटावलं असेल."

"तुम्हाला या तिघांनी काही कळवलं होतं?"

"मला? मी विरोधात. मला कोण काय सांगतं?"

"तारीख बदलल्याचं केव्हा कळलं?"

"मंगळवारी. सही झालेला ठराव कचेरीच्या दारावर लागला तेव्हा वाचला. तळपायाची आग मस्तकात गेली माझी."

"गुरुवारी दुपारी कुठे होतात?"

"घरीच. फलक रंगवत होते." बाई गोड हसल्या. "तुम्ही लहानपणीही अशाच उद्धट होतात का?"

"याहून जास्त," वर्ना म्हणाली. तिने लिंबाची वडी खाल्ली नाही.

रविवारी लायब्ररी बंद असते, म्हणून तिने लायब्ररीच्या बाईंना प्रार्थनेनंतरच्या जेवणाला चर्चच्या तळघरात गाठलं. सगळ्यांच्या ताटात भाजलेल्या बटाट्याचा एकच पदार्थ होता. वर्ना जवळ येताच टेबलावरच्या बाकी बायकांनी ताटांत माना खुपसल्या.

"गुरुवारी डेल्फीन नोटीस लावायला आली होती?"

"आली होती की! नोटीस फळ्याची काच अडकली होती. मी आतून बटरची सुरी आणली, दोघींनी मिळून उचकटली. सव्वादोनला लहान मुलांना गोष्ट सांगायची वेळ असते. तिच्यामुळे ती अडीचला सुरू झाली. पोरांनी नुसता धिंगाणा घातला."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

वर्नाने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्या बाईंनी काटा खाली ठेवला.

*

सोमवारी सुनावणीला सभागृह फुटायला आलं होतं. लोक भिंतींना चिकटून उभे होते. डेल्फीन समोरच्या बाकावर एकटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि इतकी गर्दी असूनही तिथे कुणी बसायला तयार नव्हतं.

"चोर!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ज्याने म्हटलं त्याने नाव सांगून म्हणावं," वर्ना मागे न वळता म्हणाली. "या गावात सगळं उघड चालतं म्हणे."

मग तिने लायब्ररीच्या बाईंना उभं केलं. बाईंनी काच, सुरी आणि पोरांचा धिंगाणा, सगळं सांगितलं. दोन बावीसला डेल्फीन कचेरीपासून तीन गल्ल्या लांब होती. सभागृहात कुजबूज झाली.

"म्हणजे डेल्फीन नाही," वर्ना म्हणाली. "कचेरीची किल्ली असलेले चौघं उरले. आता तुम्हा तिघांना, हार्लन, ऑरिन आणि लायल, मी एक काम सांगते. तुम्ही तिघांनीही मला सांगितलंत की एकाच माणसाशी बोललो. खरं ना?"

तिघांनी माना डोलावल्या. हार्लनने तर छाती काढून.

"हा कागद घ्या. त्या माणसाचं नाव लिहा. तुम्ही म्हणता तुमचं काम कायद्यात बसतं, मग लपवायचं काय? आणि जो लिहिणार नाही, तो दप्तर पुसणाऱ्याला पाठीशी घालतोय असं मी उद्या सरकारी वकिलांना सांगेन."

"शब्द दिलाय मी," ऑरिन पुटपुटला.

"हे काय चालवलंय?" स्ट्राउड बाई ताडकन म्हणाल्या. "सुनावणी डेल्फीनची आहे! विषयपत्रिकेत नसलेलं काही घेता येत नाही!"

"बाई, मी परिषदेची सदस्य नाही. मला विषयपत्रिका लागू नाही. लिहा रे!"

आधी लायलने लिहिलं, घाबरून. मग हार्लनने, दात आवळून. ऑरिनला वेळ लागला. वर्नाने तिन्ही कागद उघडले आणि लोकांच्या बाजूला धरले.

तिन्हींवर एकच नाव होतं. विनिफ्रेड स्ट्राउड.

"तुलापण?" हार्लन लायलकडे वळला.

"तुलापण?" लायल म्हणाला. ऑरिन तिन्ही कागद पुन्हा वाचायला पुढे वाकला.

"साधा हिशेब आहे," वर्ना म्हणाली. "तिघं माणसं, आणि प्रत्येक जण म्हणतो, मी एकाशीच बोललो. तिघांच्या जोड्या लागत नाहीत, एक जण उरतो. तरीही तिघांना दुरुस्ती ठाऊक होती. म्हणजे मध्ये चौथं माणूस हवं. यांना कायदा पाठ आहे तो इतकाच, की दोघं चालतात, तिघं नाही. या पाठांतरावर बाईंनी डाव मांडला. तिघांशी वेगवेगळं बोलल्या, आणि विरोध फक्त दाखवण्यापुरता करीन असं सांगून नाव न घेण्याचा शब्द घेतला. प्रत्येकाला वाटलं, आपण कायद्यात आहोत, बाकीच्या दोघांचं आपापसात ठरलंय. महाराज, एकाच माणसाने तीन जोड्या ओवल्या की तीही सभाच होते. तुम्ही तिघंही अडकलात."

"बडबड आहे ही," स्ट्राउड बाई म्हणाल्या. "मी विरोधात मत दिलंय. सगळ्या गावाने ऐकलंय."

"मीही ऐकलं. दोनदा. तुम्ही म्हणालात, ऑक्टोबरपासून म्हाताऱ्यांना कोण नेणार. तेव्हा सगळ्यांच्या हातातल्या कागदावर जानेवारी होतं. ऑक्टोबर हा शब्द त्या सभेत तुमच्याआधी कुणीही उच्चारला नाही. चिटणीससुद्धा विचारत होती, कसली दुरुस्ती. आणि मला मात्र तुम्ही सांगितलंत, तारीख मंगळवारी कळली."

मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले.

"ऑक्टोबर का? तर मतदानाच्या आधी महिनाभर गावात ॲम्ब्युलन्स नको. लोक चिडलेले हवेत. हार्लनला सांगितलंत, लवकर उरकलं की लोक विसरतात. आणि तो ऐकतो!" वर्नाने हार्लनकडे बघितलं. "मग ईमेलचा अर्ज. मग दप्तर रिकामं. या तिघांना आपण गुन्हा केलाय हेच ठाऊक नव्हतं, मग ते पुरावा कशाला पुसतील? पुसायची गरज होती ती सगळी पत्रं जिच्यापाशी जुळत होती तिला. शिवाय रिकामं दप्तर म्हणजे आयता घोटाळा. नगराध्यक्षाने चिटणिसाकडून पुसून घेतलं, असा. डेल्फीन गुरुवारी दोनला बाहेर पडते हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? तो नियमच तुमचा. डेल्फीन तुरुंगात गेली असती, बाई. एका खुर्चीसाठी."

"सिद्ध करून दाखवा," स्ट्राउड बाई म्हणाल्या. आवाज अजूनही वर्गातलाच होता. "एक तरी पत्र दाखवा."

ऑरिन बील उठला.

"बाई, मला पडद्यावरचं दिसत नाही," तो म्हणाला. "मी प्रत्येक मेल छापून वाचतो. तुमची सगळी पत्रं दुकानात फाइलला लावलेली आहेत."

बाई त्याच्याकडे गर्रकन वळल्या.

"मूर्खा," त्या म्हणाल्या, "वाचून फाडून टाक, असं स्पष्ट लिहिलं होतं तुला!"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण समोर दोनशे माणसं होती. मग त्यांनी तोंड सोडलंच. "मी शिकवलंय तुम्हा तिघांना! एक वाक्य तरी स्वतःच्या डोक्याने लिहिलंत का कधी? तुमच्या हातात गाव ठेवायचं होतं का मी?" वर्नाबरोबर आलेल्या पोलीस शिपायाने त्यांना दाराकडे नेलं. वाटेत दोघी-तिघी त्यांच्या अंगावर ओरडल्या. या त्याच होत्या, ज्या शुक्रवारपासून त्यांचे फलक अंगणात लावून बसल्या होत्या.

वर्नाने वही मिटली. ठराव रद्द होणार, ॲम्ब्युलन्स चालू राहणार, तिघांवर खटले होणार, हे तिने चार वाक्यांत सांगितलं. मग ती हार्लनकडे वळली. "चिटणिसाचं काय?"

हार्लन टेबलाच्या कडेने फिरून डेल्फीनच्या बाकाजवळ आला. किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे धरून तो खाली वाकला आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चुकलंच माझं, डेल्फीन. मी तुला विचारायला हवं होतं. माफ कर."

डेल्फीनने किल्ल्या घेतल्या. ती उठली, आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि तिने माइक हार्लनच्या खुर्चीकडे सरकवला.

"चार दिवस मला चोर म्हटलंत ते सगळ्या गावासमोर," ती म्हणाली. "हे कानात सांगू नका. तिथे बसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. मी लिहून घेतेय."

हार्लन जाऊन बसला. त्याने माइक जवळ ओढला. डेल्फीनने पेन उघडलं आणि आधी वेळ लिहिली.